पेशीतलं मीठ

उमापूरला ताई भाच्याचा पापा घेते तेव्हा ओठांना मीठ लागतं. सिस्टिक फायब्रोसिस. क्लोराइडची पेशीतून ये-जा बिघडते.

पेशीतले क्षार एक्स-रे मायक्रोअ‍ॅनालिसिसनं मोजतात. पण नमुना नेहमीसारखा रसायनात ठेवला की क्षार वाहून जातात, म्हणून तो क्षणात गोठवायचा. गावात गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी कॅनमधून येतो तोच द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश! तरी थेट त्यात बुडवून भागत नाही. भोवती वाफेचं कवच धरतं, गोठणं मंदावतं, बर्फाचे स्फटिक क्षारांना ढकलतात. म्हणून नायट्रोजननं गार केलेलं प्रोपेन. मग गोठलेलेच पातळ काप घेऊन निर्वातात सुकवायचे.

ताईनं फोनवर सगळं ऐकून विचारलं, "मग औषध?"

आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत एक मंजूर झालं. किंमत मी अजून तिला सांगितलेली नाही.