बिऱ्हाड हलते तेव्हा

मुलाबाळांसह परमुलखात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबापुढे शाळेचा प्रश्न घरभाड्याइतकाच लवकर उभा राहतो, आणि तो बहुधा दोन पर्यायांच्या रूपात मांडला जातो: जेथे जायचे तेथील शेजारपाजारची मुले ज्या शाळेत जातात तीच आपल्या मुलासाठी निवडावी, की फिरत्या कुटुंबांच्या मुलांसाठी काढलेली स्वतंत्र शाळा गाठावी. या प्रश्नाची चर्चा आजवर मुख्यतः दुबई, सिंगापूर किंवा म्युनिकला नोकरीनिमित्त जाणाऱ्या पालकांच्या संदर्भात झाली आहे. परंतु बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या नीराकाठच्या ऊसपट्ट्यात तो दोन्ही बाजूंनी दिसतो, कारण बागायतदारांच्या घरातील शिकलेली मुले परदेशी जाताना तो बरोबर नेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या तोच प्रश्न घेऊन या गावाच्या शिवारात उतरतात.

स्वतंत्र शाळेच्या कल्पनेला आंतरराष्ट्रीय रूप आले ते १९२४ साली जिनिव्हा येथे, जेव्हा राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढण्यात आली. अधिकाऱ्यांच्या बदल्या होत, मुले दर काही वर्षांनी नव्या देशात जात, आणि प्रत्येक देशाचा अभ्यासक्रम निराळा असल्यामुळे एका ठिकाणचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी धरले जात नसे. ही अडचण पुढे १९६८ मध्ये जिनिव्हातच स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या मंडळाने बऱ्याच अंशी सोडवली. हे मंडळ कोणत्याही एका देशाचे नसून त्याची पदविका अनेक देशांतील विद्यापीठे प्रवेशासाठी ग्राह्य धरतात, आणि भारतीय विश्वविद्यालय संघही ती बारावीशी समकक्ष मानतो. आखाती देशांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी, संलग्न असलेल्या भारतीय शाळा हेच काम कमी खर्चात करतात. अशा शाळांचे खरे बळ इमारतीत वा पोहण्याच्या तलावात नाही, तर पुढील शाळा तेथील प्रगतिपुस्तक मानते यात आहे, ही गोष्ट शुल्काचे आकडे पाहून दिपलेल्या पालकांच्या लक्षात अनेकदा उशिरा येते.

स्थानिक शाळेचे बळ वेगळे असते. जर्मनीत शालेय शिक्षण सक्तीचे असून सरकारी शाळा विनाशुल्क आहेत, आणि सहा-सात वर्षांचे मूल तेथील प्राथमिक शाळेत गेले की काही महिन्यांत खेळाच्या मैदानावरची भाषा उचलते. परंतु मैदानावरची भाषा आणि इतिहासाचा धडा समजण्याची भाषा या दोन भिन्न पायऱ्या आहेत. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की, नव्या भाषेतील बोलण्याची सफाई साधारण दोन वर्षांत येते, मात्र त्याच भाषेत अभ्यासाचे विषय समवयस्कांच्या बरोबरीने हाताळण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, तर बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागणी होते. तेव्हा जे मूल तिसरीत असताना तेथे पोहोचते त्याची पारख भाषा पुरती रुळण्याआधीच होण्याचा धोका असतो. म्हणून मुक्काम दीर्घ असेल आणि मूल लहान असेल तर स्थानिक शाळा निःसंशय श्रेयस्कर, पण मुक्काम दोन-तीन वर्षांचा असून मूल आठवीच्या पुढे असेल तर परतीचा मार्ग मोकळा ठेवणारा अभ्यासक्रमच धरावा, असे म्हणणे भाग पडते. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी सर्वसाधारणपणे याच राज्यातून उत्तीर्ण व्हावी लागते, ही अट काही अपवाद वगळता लागू असल्याने, मुलीला डॉक्टर करण्याचे स्वप्न बाळगणाऱ्या पालकांनी दहावीचे वर्ष कोठे काढायचे याचा विचार विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच केला पाहिजे.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबाजवळ निवडीला निदान अवधी असतो. ऊसतोड कुटुंबाजवळ तोही नसतो. माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात सांगवी हा एक स्वतंत्र गट आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की या गटातील शिवारात ‘कोयते’ येतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, ज्याने मुकादमाकडून हंगामाआधीच ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि जे ती फिटेपर्यंत काम सोडू शकत नाही. पहाटे अंधारातच हे जोडपे फडात जाते, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, मागे राहते ती आठ-दहा वर्षांची मुलगी, आणि तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आई उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन परत येईपर्यंत पाणी, राखण आणि चूल तिच्याकडेच असते. तिच्या गावच्या शाळेतले पुस्तक आणि सांगवीच्या जिल्हा परिषद शाळेतले पुस्तक बालभारतीचेच असते, माध्यमही एकच असते. म्युनिकला गेलेल्या मुलापुढे भाषेची जी भिंत उभी असते ती या मुलीपुढे नसतानाही तिची पाच-सहा महिन्यांची शाळा बुडते, आणि जी अडचण सर्वांत सोपी तीच वर्षानुवर्षे सुटू नये, हे या क्षेत्रातील सर्वांत वेदनादायक वास्तव आहे.

फिरत्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा हा मार्ग येथेही चोखाळला गेला. कारखान्यांच्या आवारात हंगामापुरत्या ‘साखरशाळा’ उघडल्या, आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थ या संस्थेने असे वर्ग अनेक कारखान्यांवर चालवले. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळ्या कारखान्याजवळच मोठ्या तळावर हंगामभर राहत असल्याने त्यांच्या मुलांना ही शाळा सोयीची होती. उलट ‘डोकी सेंटर’च्या टोळ्या, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणाऱ्या टोळ्या, गावोगाव विखुरतात आणि फड संपला की कोपीही हलवतात, त्यामुळे कारखान्यावरची शाळा त्यांच्या मुलांच्या वाट्याला फारशी आली नाही. शिवाय साखरशाळेतील शिक्षणाची नोंद मूळ गावच्या शाळेत विनासायास धरली जाईल याची शाश्वती नव्हती, म्हणजे जिनिव्हाच्या शाळेने ज्या गरजेसाठी जन्म घेतला नेमकी तीच गरज येथे अपुरी राहिली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, शाळेची इमारत आणि शिक्षकांची पात्रता यांचे निकष ठरले, आणि पत्र्याच्या शेडमधील हंगामी वर्ग हळूहळू मागे पडले.

त्याच कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे राहिलेल्या मुलासाठी विशेष प्रशिक्षण आणि दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क दिला. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत आला नाही या सबबीवर प्रवेश अडवता येत नाही. महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेने ‘शिक्षण हमी पत्रक’ द्यावे आणि ते पाहून कामाच्या गावातील शाळेने त्याला बसवून घ्यावे, अशीही व्यवस्था आहे. तरीही घोडे अडते ते पटाच्या तारखेपाशी. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी ही मुले बीडच्या पटावर असतात आणि टोळी त्यानंतर निघते, त्यामुळे मूळ शाळेला नाव सोडवत नाही आणि सांगवीकडच्या शाळेला मुले येतात पण त्यांच्यासाठी शिक्षक येत नाही. आधीच दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींनी नोव्हेंबरात आलेल्या मुलांना वाचनाच्या पहिल्या पायरीपासून शिकवावे ही अपेक्षा शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडून भागणार नाही, तर ऊसपट्ट्यातील शाळांची दुसरी पटमोजणी डिसेंबरात करून हंगामापुरता शिक्षक त्या आकड्यावर दिला पाहिजे.

तिसरा पर्याय मुलाला गावीच ठेवण्याचा आहे. मूळ गावांतील हंगामी वसतिगृह योजनेत मुले आजी-आजोबांजवळ राहून शाळेत जेवण आणि अभ्यासाची सोय मिळवतात, तर २०२१ साली राज्याने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. मोठ्या मुलांसाठी हा पर्याय उत्तम, परंतु वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्यास आईबाप धजावत नाहीत आणि तान्ह्या भावंडाला सांभाळणारे दुसरे कोणी नसते. म्हणून फडाजवळ पाळणाघर नसेल तर वसतिगृहातील खाट आणि वर्गातील बाक दोन्ही रिकामे राहतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, कोप्या मोडतात आणि टोळ्या परतीला लागतात. त्या वेळी सांगवीच्या शाळेने हजेरी, वाचनाची पातळी आणि घेतलेल्या मूल्यमापनाचे गुण एका कागदावर लिहून मुलाच्या हाती दिले, आणि मूळ शाळेने तो कागद निकालात धरला, तर या मुलांना जूनमध्ये पुढच्या वर्गात कोणाच्या मेहेरबानीवाचून बसता येईल.