अब्बांचा तिसरा हिस्सा

आमच्या घरात मरणाचा विषय काढणं अपशकुनी मानत नाहीत. अब्बा तर जेवताना कफनाच्या कापडाचा भावही विचारायचे. पण मिळकतीचा विषय निघाला की तेच अब्बा गप्प होत. "मेरे बाद देख लेना," एवढंच म्हणत आणि पानाचा डबा उघडत.

2019 मध्ये भाईजान गेले. माझा थोरला भाऊ. छातीत दुखतंय म्हणून रात्री दवाखान्यात नेलं, पहाटे मय्यत घरी आली. मागे भाभी आणि दोन मुली. अब्बांनी एसटीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून घराचा वरचा मजला बांधला होता, तिथेच भाईजान राहत. भाभी मुलींना घेऊन तिथेच राहिली. अब्बा प्रत्येक ईदला सगळ्यांसमोर सांगत, "वर का घर बच्चियों का है." आम्हाला वाटायचं, प्रश्न मिटला.

तो मिटलेला नाही, हे मला शाळेतल्या स्टाफरूममध्ये कळलं. आमच्या एका सहकारी बाईंचे यजमान वकील आहेत. डबा खाताना सहज विषय निघाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी यजमानांना विचारून सांगितलं, "मॅडम, तुमचा धाकटा भाऊ हयात आहे ना? मग तुमच्या भाचींना आजोबांच्या मिळकतीत काही मिळत नाही. सुनेला तर नाहीच." मी उर्दू शिकवते, सुरा निसाचा तर्जुमा कितीदा वाचलाय. तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. हनफी वारसा कायद्यात जवळचा वारस दूरच्याला बाजूला सारतो. एक मुलगा जिवंत असला, की मरण पावलेल्या मुलाची मुलं वारसांच्या यादीतून बाहेर पडतात.

संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. घराची किंमत तेव्हा 36 लाखांच्या आसपास धरली होती. अब्बा काही न लिहिता गेले असते तर अम्मीला आठवा हिस्सा, साडेचार लाख. उरलेल्यात भावाचे दोन वाटे, माझा एक. म्हणजे भावाला 21 लाख, मला साडेदहा. आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या दोन मुलींना शून्य. ईदला सगळ्यांसमोर बोललेला शब्द? तोंडी वसीयत आपल्याकडे चालते, पण ती सिद्ध करण्याचं ओझं सांगणाऱ्यावर. आणि "बच्चियों का है" याला वसीयत म्हणायचं की माया, यावर कोर्टात दहा वर्षं वाद घालता येतो.

वही घेऊन अब्बांसमोर बसले. त्यांनी दोनदा हिशेब तपासला. मग म्हणाले, "मग काय करायचं ते बघ. लिहिणारी तूच आहेस."

इथून आमच्या घरात सहा महिने चर्चा चालली. ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता.

पुण्यातला मामेभाऊ म्हणाला, फॅमिली ट्रस्ट करा. घर ट्रस्टच्या नावे, धाकटा विश्वस्त, लाभार्थी सगळे. कुणी विकू शकणार नाही, घर फुटणार नाही. 'घर फुटणार नाही' हे शब्द अब्बांना फार आवडले. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी तेच आपल्या भाषेत सांगितलं: वक्फ-अलल-औलाद करा. म्हणजे मिळकत अल्लाहच्या नावे, उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या औलादीला, वंश संपला तर गोरगरिबांना. धाकट्याच्या सासऱ्यांचं म्हणणं, हिबा करून टाका, म्हणजे हयातीतच बक्षीस.

मी एकेकाचा विचार करत गेले, वकीलसाहेबांना विचारत गेले.

हिबाला तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा नाही. माणूस हयातीत सगळंही देऊ शकतो. पण देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं आणि ताबा गेला, तेव्हाच हिबा पुरा होतो. आणि दिलेलं दिलं. अब्बा सत्तरी ओलांडलेले, अम्मी गुडघ्यांनी बेजार. म्हातारपणी आपल्याच छपराखाली पाहुणं व्हायचं का? आणि मरणाच्या आजारात केलेला हिबा तिसऱ्या हिश्श्यापुरताच धरला जातो, म्हणजे शेवटच्या घटकेला अंगठे उठवून पळवाट मिळत नाही.

वक्फ-अलल-औलादचा इतिहास मी मुद्दाम वाचला. 1894 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं असला एक वक्फ बेकायदा ठरवला. गरिबांचं नाव फक्त दाखवायला आहे, खरा फायदा कुटुंबाचाच, असं त्यांचं म्हणणं. मुसलमानांमध्ये खळबळ माजली. शेवटी मुंबईचे बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी कायदेमंडळात विधेयक नेलं आणि 1913 च्या कायद्यानं हा वक्फ पुन्हा वैध झाला. पण या सोयीची दुसरी बाजूही आपल्या समाजाला ठाऊक आहे. घराणी राखायच्या नावाखाली कितीतरी ठिकाणी मुलींचे हिस्से यात बुडाले. 2025 च्या दुरुस्तीत, या वक्फामुळे वारसांचा, त्यातही स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये असं कलम घालावं लागलं. त्या दुरुस्तीतल्या इतर गोष्टींवर माझं वेगळं मत आहे, ते पुन्हा कधीतरी. हे कलम घालावं लागलं याची मात्र आपल्याला लाज वाटायला हवी.

राहिला ट्रस्ट. स्थावर मिळकतीचा खाजगी ट्रस्ट 1882 च्या कायद्याखाली होतो. दस्त लेखी हवा, नोंदवलेला हवा. मुसलमानालाही तो करता येतो. पण हयातीत करायचा तर मालकी खरोखर सोडावी लागते, आणि 'माझ्यानंतर लागू' असा केला तर तो वसीयतच ठरतो, तिला तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा लागतेच. नाव बदलून हिशेब बदलत नाही.

हे सगळं मी वाचून दाखवलं तेव्हा भाभी कोपऱ्यात भाजी निवडत होती. ती कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "अब्बा, छत गळलं तर मी कुणाला विचारायचं?"

ट्रस्टमध्ये विश्वस्त धाकटा. म्हणजे पत्रा बदलायचा तरी दिराला विचारायचं. धाकटा वाईट नाही, पण त्याचाही संसार आहे, दोन मुलगे आहेत. आज हो म्हणेल, दहा वर्षांनी त्याच्या सुना काय म्हणतील? अब्बा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. ट्रस्टचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

वसीयतच करायची ठरली. आपल्याकडे तिचे दोन नियम आहेत. कफनदफनाचा खर्च आणि कर्ज फेडून उरलेल्यातला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा वसीयतीनं देता येतो. आणि वारसाला वसीयतीनं काही द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, तीही मरणानंतरची. हजरत साद बिन अबी वक्कास यांना सगळं दान करायचं होतं, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना तिसऱ्या हिश्श्यावर थांबवलं आणि तेही पुष्कळ आहे असं सांगितलं, ही हदीस बहुतेकांना माहीत असते. आपण ती 'जास्त देऊ नका' अशी ऐकतो. पण तिसरा हिस्सा मोकळा ठेवलाय तो कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे, वारसांच्या यादीत जे येत नाहीत त्यांच्यासाठीच. आमच्या भाची वारस नाहीत, म्हणूनच त्यांना तिसऱ्या हिश्श्यापर्यंत द्यायला कुणाचीही संमती लागत नाही. ज्या नियमानं त्यांना बाहेर ठेवलं, त्याच नियमानं हे दार उघडं ठेवलंय.

इजिप्तनं 1946 मध्ये कायदा करून अशा नातवंडांसाठी वसीयत बंधनकारक धरली. पाकिस्ताननं 1961 मध्ये त्यांना थेट मेलेल्या बापाच्या जागी उभं केलं. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्याकडे आजोबांनी लेखणी उचलली तरच.

कर्जाचा विषय आला तेव्हा वकीलसाहेबांनी विचारलं, मेहर दिलाय का? न दिलेला मेहर हे कर्जच, वसीयतीच्या आधी फेडायचं. अब्बा ओशाळले. पाचशे पंचवीस रुपये, निकाहपासून बाकी. घरी येऊन त्यांनी अम्मीच्या हातावर पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या. अम्मी म्हणाली, "ब्याज हराम है, नहीं तो ये घर मेरा होता." सुटे मात्र तिने परत केले नाहीत.

मसुदा मी लिहिला. अब्बांना उर्दूत हवा होता, पण निबंधक कार्यालयात वाचणार कोण? म्हणून मराठीत लिहिला आणि उर्दूत त्यांना वाचून दाखवला. वरच्या दोन खोल्या आणि बाहेरचा जिना दोघी नातींना समान. त्या तिसऱ्या हिश्श्यात बसतात का, हे आधी इंजिनिअरकडून मोजून घेतलं. मुली तेव्हा बारा आणि नऊ वर्षांच्या होत्या. कायद्याच्या मराठीत अशा मुलांना 'अज्ञान' म्हणतात. आपल्या कायद्यात आई त्यांची पालनकर्ती असते, पण मिळकतीची पालक नसते, आणि चुलताही आपोआप होत नाही. बाप नसेल तर आजोबा, आणि आजोबांनंतर त्यांनी नेमलेला वसी. कुणीच नेमला नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज. अब्बांनी वसी म्हणून भाभीचं नाव घातलं. सुनेला वसी नेमता येतं हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. दोन साक्षीदार बाहेरचे घेतले, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि 2022 मध्ये दुय्यम निबंधकांकडे नोंद केली. मुसलमानाच्या वसीयतीला नोंदणी सक्तीची नाही, पण कागद बोलका हवा.

2024 च्या रमजानआधी अब्बा गेले. चाळिसाव्यानंतर मी कागद वाचला. धाकटा सगळं ऐकून म्हणाला, "आपा, तुझे साडेतीन लाख गेले. माझे सात गेले. अब्बांनी मला एकदा विचारायला हवं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. 36 मधले 12 वजा जाऊन उरले 24: अम्मीचे तीन, त्याचे चौदा, माझे सात. आणि विचारायला हवं होतं, हेही खरं. आम्ही त्याला चर्चेत धरलं, पण शेवटचा निर्णय त्याच्या पाठीमागे झाला. त्याबद्दल मी त्याची माफी मागितली. निर्णयाबद्दल नाही. तीन-चार महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एक दिवस हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला, "बहिणी करतातच ना सही." मी केली नाही. अम्मी आहे तोवर वाटणी मागणार नाही, असं सांगितलं, आणि मिळकत पत्रिकेवर माझं नाव लावून घेतलं. भाचींना हक्क मिळवून द्यायचा आणि स्वतःचा कुरआननं ठरवलेला हिस्सा माहेरच्या चहासाठी सोडायचा, हे मला जमलं नाही. आता तो पुन्हा आपा म्हणून चहाला बोलावतो.

ट्रस्ट वाईट असं मी म्हणत नाही. मूल गतिमंद असेल, आयुष्यभर कुणीतरी सांभाळायचं असेल, तर हयातीत विचारपूर्वक केलेला ट्रस्ट मोठा आधार ठरतो. पण आपल्यातल्या बहुतेकांकडे एक घर असतं आणि थोडी ठेव. त्यासाठी दोन पानांची वसीयत पुरते. लिहायला बसण्याआधी एवढंच विचारा: माझ्या घरात वारसांच्या यादीबाहेर कोण आहे? मेलेल्या मुलाची मुलं, विधवा सून, पोटच्यासारखं वाढवलेलं दत्तक मूल, आयुष्यभर राबलेली मावशी. त्यांच्यासाठी तिसरा हिस्सा मोकळा आहे, आणि तो आपण मरेपर्यंतच आपल्या हातात आहे.

यंदा जूनमध्ये वरचं छत गळलं. भाभीनं गवंडी बोलावला, पत्रे बदलले, पैसे दिले. मला चार दिवसांनी कळलं.