रथाची चावी



सुटीत मुलं ग्रीक पुराणकथांवरची विनोदी कार्टून पाहतात. त्यातला बेजबाबदार सूर्यदेव बाप पाहून आपल्यालाही हसू येतं. मूळ कथा मात्र हसण्यासारखी नाही. रोमन कवी ओविड याने ती सविस्तर सांगितली आहे.

फेथॉनला एक सोबती हिणवतो : सूर्य तुझा बाप कशावरून? मुलगा थेट सूर्याच्या महालात जाऊन पुरावा मागतो. इतकी वर्षं दूर राहिलेला बाप भरात स्टिक्स नदीची शपथ घेतो, मागशील ते देईन! मुलगा एका दिवसासाठी रथ मागतो. बाप पस्तावतो, विनवतो. मला तुझ्यासाठी भीती वाटते, हाच मी तुझा बाप असल्याचा पुरावा, असंही सांगतो. पण शपथेत अडकून शेवटी लगाम देतोच. घोडे उधळतात, पृथ्वी होरपळते आणि मुलगा वज्राघाताने मरतो.

आपल्या वडोदऱ्यात रथ नाही, दुचाकी आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही चावी दिली जाते. कधी हट्टापुढे हरून, तर कधी वेळ देता आला नाही याची भरपाई म्हणून.

फेथॉनला खरं तर रथ नको होता. 'तू माझा आहेस' हे चारचौघांत ऐकायचं होतं. आपला स्वर्गीय पिता यार्देन नदीवर नेमकं हेच बोलला (मार्क १). तेव्हा प्रभु येशूने एकही चमत्कार केला नव्हता. पित्याने त्याला आधी आपला म्हटलं, काम नंतर आलं.

आणि जब्दीच्या मुलांनी उजवी-डावीकडची आसनं मागितली, तेव्हा प्रभूने शपथ घेतली नाही. तुम्हाला काय हवं आहे, असं आधी विचारलं, मग नकार दिला (मार्क १०). पण त्या दोघांना दूर मात्र केलं नाही. ज्या मुलाला आपण कुणाचे आहोत हे ठाऊक असतं, त्याला 'नाही' ऐकणं सोसतं.

या आठवड्यात मुलाच्या हाती काही देण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ बसू या.

हे पित्या, आम्हाला प्रेमाने 'नाही' म्हणायला आणि त्यानंतरही मुलांच्या जवळ राहायला शिकव. आमेन.