फौजी विजारीचे माप

भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर आणि मग पश्चिमेला वळले की वेल्ह्याचा रस्ता लागतो. डाव्या हाताला राजगड सोबत करतो आणि समोर तोरणा ढगात डोके घालून बसलेला असतो. मार्गासनीला गुंजवण्याचा फाटा सोडून विंझरवरून पुढे गेले की वेल्हे येते. तालुक्याचे नाव आता राजगड झाले, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडात येते. शेतीखात्याच्या नोकरीत या वाटेने किती फेऱ्या झाल्या, याचा हिशेब नाही.

मागे एकदा कार्तिकात असाच निघालो होतो. वाटेतल्या एका खळ्यावर भाताची मळणी चालली होती, म्हणून थांबलो. पेंढ्या द्यायला एक विशीतला पोरगा होता. अंगात हिरवी फौजी पँट. पुणे हे लष्कराचे शहर, दक्षिण कमांडचे मुख्यालय तिथेच. तिथल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात अशा पँटी मिळतात. कापड दणकट, खिसे मोठे, काट्याकुट्यात टिकणारे. पोराने हौसेने आणली होती, पण ती पायात घोळत होती.

पेंढी उचलायला तो वाकला आणि पँटची मोहरी यंत्राच्या पट्ट्यात गेली. "अरे, बंद कर!" असे फौजी आबा ओरडले. यंत्र थांबले. पँट गुडघ्यापर्यंत फाटली, पण पाय वाचला. पोराच्या आईने खाली बसून त्याचे पाऊल दोन्ही हातांनी चाचपले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

आबा पलटणीतून निवृत्त झालेले. चहा झाल्यावर त्यांनी पोराला जवळ बसवले. "बाळा, पलटणीत कपडा अंगाला लावून बघितल्याशिवाय घालत नाहीत. तू नुसता रंग बघितलास."

मग त्यांनी सांगितले ते मी टिपून घेतले. मलाही त्याची गरज होती. तोरण्याच्या चढावर माझ्याच घट्ट पँटची बैठक एकदा उसवली होती!

मंडळी, जुनी फौजी पँट घेताना पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका. विलायती मालावर 80/84/100 असे आकडे असतात. ते इंच नव्हेत, सेंटीमीटर असतात. पहिला आतल्या बाजूने पायाची लांबी, दुसरा कंबर, तिसरा बैठक. 84 सेंटीमीटर म्हणजे साधारण 33 इंच. वापरलेले सुती कापड धुण्याने आटलेलेही असते. म्हणून घरची नीट बसणारी पँट मोजून माप लिहून न्या. दुकानात पँट सपाट पसरा, बटण लावा, कंबर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. लांबी आतल्या शिवणीवरून मोजा.

घालून बघता आली तर उभे राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. उकिडवे बसा, वाका, एक पाय ओट्यावर ठेवा. शेतकऱ्याचे काम वाकूनच असते. कंबर इंच-दोन इंच सैल असली तर शिंपी आत घेईल, लांबी कापून देईल. पण बैठक तोकडी असेल आणि शिवणीत आत दाबलेले कापड नसेल, तर शिंप्याचा इलाज चालत नाही. मोहरी घोट्याशी थांबली पाहिजे. तळाशी नाडी असेल तर ती आवळून टोके आत खोचा. यंत्राजवळ लोंबते काहीही नको.

आणखी एक. रंग साधा हिरवा घ्या, ठिपक्याठिपक्यांचा लष्करी नमुना नको. 2016 साली पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्करानेच लोकांना तसे कपडे वापरू नका असे सांगितले होते. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा वेश घालणे हा तर कायद्याने गुन्हा आहे.

आणि लावणीला ही पँट नकोच. वेल्ह्याच्या पावसात जाड कापड भिजून जड होते, दोन दिवस वाळत नाही. चिखलात आपली चड्डीच बरी.

परतताना त्या घरावरून आलो. दोरीवर तीच पँट वाळत होती. फाटका भाग कापून आईने ती गुडघ्यापर्यंत आखूड करून शिवली होती.