पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली

हिंगोली जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. औंढा नागनाथाचे मंदिर ज्या काळ्या पाषाणात उभे आहे, तो बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. जिल्ह्याची जमीन याच खडकाची आहे. मध्य प्रदेशातील पेंच खोऱ्यात मात्र या खडकाच्या कडेला, काही ठिकाणी त्याच्या खालीही, त्याहून कितीतरी जुने कोळशाचे थर सापडतात. तिथे जायला हिंगोलीहून वाशीम, अमरावती करत नागपूर गाठावे. पुढे सावनेर आणि संत्र्यांच्या बागांचे सौंसर लागते. सौंसरच्या बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा आणि तिथून पेंच खोऱ्यातले परासिया येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली आणि परासियाच्या आसपास खाणी वाढल्या. त्यांपैकीच एक न्यूटन चिखली. 10 डिसेंबर 1954 रोजी या खाणीत अचानक पाणी घुसले. आत 112 माणसे होती. 49 जण उतरत्या बोगद्याने, म्हणजे इन्क्लाइनने, बाहेर पडले. 63 जण दगावले. त्या वेळी विदर्भ आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती.

खाणीत पाणी असे घुसू शकते: भूमिगत खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचे खांब राखून मधला कोळसा काढतात. काम संपलेल्या अशा पोकळ्यांत वर्षानुवर्षे पाणी साचते. जुना नकाशा चुकीचा असेल, तर नवे खोदकाम नकळत त्या पाण्याजवळ जाते. कोळशाची भिंत घाम फुटल्यासारखी ओलसर होते, बारीक धार लागते. तेव्हाही काम थांबले नाही, तर उरलेली भिंत दाबाने फुटते आणि सखल भागातल्या माणसांची वाट आधी बंद होते.

म्हणूनच 1957च्या कोळसा खाण विनियमांत जुन्या, पाणी साचलेल्या कामांपासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदण्यास मनाई होती. पुढे सरकण्याआधी छिद्रे पाडून अंदाज घेणेही बंधनकारक होते. तरीही 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी फुटून 375 कामगार गेले.

1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. पेंच खोऱ्यातील खाणी आता नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. अचूक नकाशा, आगाऊ छिद्रे आणि बाहेर पडायची दुसरी वाट या तीन गोष्टींवर खाली उतरणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. त्यांत कसूर करण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही.