पाड्यापासून पॅकेजपर्यंत

सरकारी आरोग्य योजनेची चर्चा आपल्याकडे दोनदाच होते. एकदा घोषणा झाल्यावर आणि पुन्हा एखादी तक्रार वर्तमानपत्रात आल्यावर. मधल्या काळात ती योजना रोजच्या रोज चालवावी लागते, त्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. सार्वजनिक आरोग्याचं प्रशासन हाच माझा विषय. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात वावरताना माझं एक मत पक्कं झालं आहे : शस्त्रक्रियेचं बिल भागवण्याची यंत्रणा आपल्या राज्यानं चांगली उभी केली, पण माणसाला त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचवण्याची जबाबदारी कुणा एकावर टाकली नाही.

आधी यंत्रणेविषयी. 1997 मध्ये राज्यात जीवनदायी योजना आली. तेव्हा हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोजक्याच आजारांसाठी कागदी प्रस्तावावर मदत मंजूर होई. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा रायगड त्यात होता, ठाणे नव्हतं. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर लागू झाली, तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या रुग्णालाही तिचा लाभ मिळू लागला. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. त्या वेळी 971 उपचार आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. पुढे आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. जुलै 2023 च्या शासन निर्णयानं मर्यादा 5 लाखांवर आणि उपचारांची संख्या 1356 वर नेली. पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डवालेही पात्र ठरले.

हा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते. रुग्णालयांना योजनेच्या यादीत घेणं, प्रत्येक उपचाराचा दर बांधणं, उपचाराआधी मंजुरी देणं आणि नंतर दावा तपासून पैसे चुकते करणं ही तिची चार मुख्य कामं. रुग्ण यादीतल्या रुग्णालयात गेला की तिथला आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून नोंदणी करतो. डॉक्टर तपासण्यांचे अहवाल जोडून ऑनलाइन मंजुरी मागतात. जीव धोक्यात असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून चालतात. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, जेवण हे सगळं येतं, घरी परतायचं एसटी किंवा रेल्वेचं भाडंसुद्धा. रुग्णाच्या हातून एक रुपयाही जाऊ नये, अशीच ही आखणी आहे. गरिबाला एवढं पक्कं संरक्षण देणाऱ्या सरकारी व्यवस्था फार नाहीत, हे मी मनापासून मानतो.

पण परतीचं भाडं देणाऱ्या या योजनेत जायच्या भाड्याची सोय नाही. योजना सुरू होते रुग्णालयाच्या दारात. आजार सुरू होतो पाड्यावर.

धसईच्या बाजूच्या एखाद्या कातकरीवाडीतलं पोर डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, ठोक्यांत वेगळा आवाज येतो, संदर्भचिठ्ठी लिहिली जाते. इथपर्यंत सगळं ठीक. पुढं टू-डी एको करायला शहरात जायचं, म्हणजे आई-बाप दोघांची मजुरी बुडणार. ते सोसून पोचलं तर टेबलावर रेशनकार्ड उघडलं जातं. कडा झिजलेल्या, घडीवर फाटलेलं. त्यात आजोबांचं नाव आहे, बापाचं आहे, सुनेचं चढलेलंच नाही. आधारवर बापाच्या नावाचं स्पेलिंग निराळं. मुलाचं नाव कुठंच नाही. लहान मुलाची नोंद जन्मदाखला आणि आई-बापाच्या कार्डावर होऊ शकते, पण बाळंतपण वाडीतच झालेलं, दाखला काढलेलाच नाही. ‘कागद घेऊन या’ असं सांगणारा आरोग्यमित्र त्याच्या जागी बरोबर असतो. ऐकणारा बाप मात्र मान हलवतो, पोराला कडेवर घेतो आणि पुन्हा येत नाही. सोसायटीच्या दफ्तरी हा रुग्ण नाकारला गेल्याची नोंदही होत नाही, कारण त्याची नोंदणीच झालेली नसते. अशी किती मुलं परत गेली, ते म्हणूनच कुठल्याही अहवालात दिसत नाही.

हा दोष कुणा एका कर्मचाऱ्याचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. योजना सोसायटीकडे. रेशनकार्ड तहसीलदाराच्या पुरवठा शाखेत, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय शहापूरला. प्रत्येक जण आपापलं काम करतो. या सगळ्या उंबऱ्यांवरून जायचं ते एकट्या रुग्णाला, आणि त्याला धरून नेणारी असते ती फक्त आशाताई. तीही मोबदल्यावर काम करणारी, स्वतःचं घर सांभाळून.

त्यात स्थलांतर. दिवाळी सरली, भात झोडून झालं की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. गरोदर बाईचं कार्ड एका उपकेंद्रात, बाई दुसऱ्याच तालुक्यात. संदर्भचिठ्ठी मिळालेलं पोर भट्टीवर. पाठपुराव्याला आशाताई वाडीत जाते, तर दाराला कुलूप.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचे नाहीत. आंध्र प्रदेशात 2007 मध्ये सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रांतही आरोग्यमित्र बसवले होते. आपल्याकडे धसईसारख्या ठिकाणी तेच व्हायला हवं. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, कॅशलेस गाव म्हणून धसईचं नाव देशभर झालं, कारण आसपासच्या गाव-पाड्यांची ती बाजारपेठ आहे. बी-बियाणं, मीठ-मिरची घ्यायला माणूस इथं येतोच. त्याच फेरीत त्याचे कागद तपासून, कार्ड काढून, कुठल्या रुग्णालयात कधी जायचं ते ठरवून मिळालं, तर अर्धी लढाई जिंकली. विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन अभियान सुरू झालं, त्यात कातकरी येतात. त्याची शिबिरं कुटुंबं भट्टीवर निघण्याआधी घ्या. पहिल्या खेपेच्या प्रवासाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे योजनेनं द्यावेत. आणि कागदाअभावी परत गेलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणं सोसायटीनं रुग्णालयांना सक्तीचं करावं. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तरतूद कधीच होत नसते.

वाचकांपैकी कुणी शिक्षक असेल, ग्रामसेवक असेल, कुणी सुट्टीत गावी आलेला असेल. सुट्टीच्या चार दिवसांत शेजारच्या वाडीवर एक चक्कर मारा. रेशनकार्डावर सुनांची, मुलांची नावं आहेत का पाहा, नसतील तर अर्ज भरून द्या. कुणाकडे संदर्भचिठ्ठी पडून असेल, तर 155388 या योजनेच्या क्रमांकावर फोन लावून जवळचं रुग्णालय विचारा, आणि जमलं तर पहिल्या खेपेला सोबत जा. सरकारनं काय करायचं ते आपण मागत राहूच. तोवर हे काम आपल्या हातचं आहे.