वेड पांघरून

माझी सासुरवाडी पेडगाव, असे म्हटले की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. "वेड पांघरून जाता का हो?" हा विनोद मी लग्नापासून ऐकतो आहे. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, बहादूरगडाचे, अशी समजूत आहे; आमचे परभणीजवळचे, मनमाडच्या लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. हा खुलासा मी दरवेळी करीत असे. एका दिवाळीनंतर तो करायला मला तोंड राहिले नाही.

नरकचतुर्दशीची संध्याकाळ होती. आमच्या आठ वर्षांच्या चिरंजिवांनी बाटलीत बाण उभा केला. वात पेटली आणि बाटली कलंडली. वर जायचा तो बाण आडवा सुटला आणि शेजारच्या आबांच्या कडब्याच्या गंजीत शिरला. घागरी, बादल्या, आरडाओरडा! निम्मी गंजी कशीबशी वाचली. शहरी माणसाला गंजी म्हणजे वाळक्या ताटांचा ढीग; बैल असलेल्या घरात ती धान्याच्या कणगीइतकी मोलाची.

"बाण कुणाचा होता?" आबांनी धापा टाकीत विचारले.

"अंधारात कळलेच नाही," मी चटकन म्हणालो. "गावभर पोरे उडवताहेत."

दिवाळसणाच्या जावयाला खोटे कोण पाडणार? सासरे खाली पाहू लागले. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला.

रात्री झोप येईना, तेव्हा मी कायद्याची उशी घेऊन पाहिली. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारापर्यंत त्याला समज किती होती, हे पाहतात. १८६० च्या दंडसंहितेतले हे तत्त्व २०२३ च्या न्यायसंहितेतही आले आहे. भरपाईचे म्हणाल, तर फ्रान्समध्ये घरातल्या अज्ञान मुलाने केलेले नुकसान आईबापांच्याच माथी येते. आपल्याकडे केवळ बाप म्हणून बापाला सहसा धरीत नाहीत. त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा दिसावा लागतो. मला बरे वाटले, पण क्षणभरच. बाण आणला मी, बाटली दिली मी, आणि ती कलंडली तेव्हा मी ओट्यावर बसून चिवडा खात होतो!

सकाळी मुलाला घेऊन आबांकडे गेलो. "बाण आमचा होता. काल मी खोटे बोललो." मुलासमोर हे म्हणताना कान तापले. मी पाकीट काढले.

"पैशे ऱ्हाऊ द्या, जावाई," आबा म्हणाले. "बैल काय नोटा खातेत?"

मग सासऱ्यांच्या गाडीतून आम्ही दोघे शेतोशेती कडबा विकत घेत हिंडलो. पाडव्याला आबा गंजी रचायला चढले आणि मुलगा खालून एकेक पेंढी मोजून देऊ लागला. शेवटी त्याची मोजणी एकशे सत्तर झाली, आबांची एकशे एकोणसत्तर. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

मी मोजल्याच नव्हत्या. तसे सांगितले.